बांधकामात करिअर : एका स्लॅबला किती हात लागतात?

बांधकामात करिअर म्हटलं की दोनच माणसं डोळ्यांपुढे येतात: डोक्यावर घमेलं घेतलेला बिगारी आणि हातात ड्रॉइंगची गुंडाळी घेतलेला इंजिनिअर. एकाला शिक्षण लागत नाही, दुसऱ्याला पदवी लागते आणि मध्ये काहीच नाही, असा समज त्यातून होतो. साइटवरची बहुतेक कौशल्याची कामं मात्र या दोघांच्या मधलीच आहेत. म्हणून ‘डिप्लोमा करू की डिग्री’ हा प्रश्न जरा बाजूला ठेवा आणि आधी काम बघा. त्यासाठी एक स्लॅब पुरे.

समजा, स्लॅब १० मीटर बाय १२ मीटरचा, जाडी १५० मि.मी. म्हणजे १८ घनमीटर काँक्रीट. सळईसकट घनमीटरला अडीच टन धरलं, तर ४५ टन वजन काही तासांत वर चढवायचं, पुढे कितीतरी दिवस टेकूंवर तोलून धरायचं आणि मग टेकू काढून घ्यायचे. यात कोणाकोणाचा हात लागतो ते बघत जाऊ. तुम्हाला कुठे थांबावंसं वाटतं, तिकडे लक्ष ठेवा.

आखणी

सुरुवात सर्व्हेअरपासून. जमिनीवर इमारतीचे कोपरे आणि कॉलमची जागा आखणं, म्हणजे लाइनआउट, हे त्याचं काम. आज टोटल स्टेशनने, म्हणजे कोन आणि अंतर मोजणाऱ्या यंत्राने, ते झटपट होतं, पण काटकोन तपासायची जुनी रीत अजून रोज वापरात आहे: एका बाजूला ३ मीटर, दुसऱ्या बाजूला ४ मीटर मोजा, तिरकं अंतर नेमकं ५ मीटर आलं पाहिजे. ते ५.०२ आलं तर चूक दोन सेंटिमीटरचीच दिसते. पण त्याच रेषेत भिंत १२ मीटर पुढे नेली की टोकाला ती १० सें.मी. सरकलेली असते, आणि शेवटी फरशीवाला कोपऱ्यात तिरके तुकडे कापत बसतो.

उंचीचंही तसंच. लेव्हल मशीनवर १.४५५ वाचायचं ते १.५४५ लिहिलं, तर ९ सें.मी.चा घोळ. म्हणून चांगला सर्व्हेअर काम संपल्यावर फिरून मूळ खुणेवर येतो, म्हणजे बेंचमार्कवर, आणि सुरुवातीचा आकडा परत मिळतो का ते बघतो. ज्याला एकच गोष्ट दोनदा तपासायचा कंटाळा येतो, त्याने इकडे फिरकू नये. ज्याला आकड्यांची आवड आहे, उन्हात उभं राहायची तयारी आहे, पण जड उचलायचं नाही, त्याच्यासाठी ही फार चांगली वाट आहे. ती साध्या प्रशिक्षणानेही सुरू करता येते.

सेंट्रिंग आणि लोखंड

आता साचा. सेंट्रिंगचं काम बाहेरून फळ्या ठोकण्यासारखं दिसतं. प्रत्यक्षात ती काही दिवसांपुरती उभी केलेली रचना असते आणि तिच्यावर येणारा भार थोडाथोडका नसतो. १५० मि.मी. स्लॅबचं वजन चौरस मीटरला ३७५ किलो. त्यात प्लेटा, माणसं आणि पंपाच्या नळीचे हिसके धरले की मीटर-मीटरवर लावलेल्या प्रत्येक टेकूवर अर्ध्या टनाहून जास्त भार येतो. टेकूचा पाय भरावाच्या भुसभुशीत मातीवर असेल तर तो भराई चालू असतानाच खचतो. म्हणून खाली जाड फळी टाकतात, टेकू ओळंब्यात उभा करतात, आडव्या-तिरक्या बांधण्या देतात. स्लॅब कोसळल्याच्या दुर्घटनांमध्ये काँक्रीटइतकंच या तात्पुरत्या आधाराचं दुबळेपण वारंवार दिसतं. सेंट्रिंगचा सुतार हा खरं तर साइटवरचा सर्वांत कमी कौतुक झालेला कारागीर आहे.

त्यावर फिटर येतो, म्हणजे लोखंड कापणारा, वाकवणारा आणि बांधणारा. त्याचं डोकं कसं चालतं ते एका रिंगेवरून बघा, म्हणजे बीमच्या सळयांना वेढणाऱ्या चौकोनी सळईवरून. बीम २३० बाय ४५० मि.मी.चा आहे आणि चारही बाजूंनी २५ मि.मी. कव्हर, म्हणजे लोखंडाला झाकणारा काँक्रीटचा थर, सोडायचं आहे. म्हणजे रिंग बाहेरून बाहेर १८० बाय ४०० ची. परिमिती ११६० मि.मी. सळई ८ मि.मी.ची, दोन्ही टोकांचे हुक व्यासाच्या दहापट धरले तर मिळून १६० मि.मी. बेरीज १३२०. पण वाकवताना सळई कोपऱ्यात ताणली जाते, म्हणून साधारण ९५ मि.मी. वजा. कापायची लांबी १२२५ च्या आसपास. ही वजावट विसरली तर दर रिंगेमागे जवळजवळ १० सें.मी. लोखंड वाया जातं. दोनशे रिंगांमागे १९ मीटर, म्हणजे साडेसात किलो. किलोचा हिशेब तोंडी होतो: व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरचं वजन. ८ मि.मी.ला ०.३९५ किलो, १२ मि.मी.ला ०.८८९.

लोखंड वाया गेलं तर पैसे जातात, एवढंच. कव्हर सोडायला विसरून रिंग बीमच्याच मापाची केली, तर ती साच्याला टेकते. काँक्रीट तिला झाकत नाही, काही वर्षांत ओल आत शिरते, लोखंड गंजून फुगतं आणि बीमचा खालचा पापुद्रा सुटून पडतो. जुन्या इमारतींच्या छतातून बाहेर डोकावणाऱ्या तांबूस सळया बघितल्या असतील, त्यातल्या बऱ्याचशा याच हलगर्जीतून आलेल्या असतात. अशी सगळी मापं तक्त्यात मांडणाऱ्याला साइटवर मान असतो. त्या तक्त्याला बार बेंडिंग शेड्यूल म्हणतात. तो करायला इंजिनिअरच लागतो असं नाही. दहावीचं गणित पक्कं असलेला फिटर तो करू शकतो, आणि तिथूनच त्याचा फोरमन होतो.

लोखंडाच्या दोन थरांमध्ये इलेक्ट्रिशियन आपले पाइप टाकून जातो. ही वेळ चुकली तर नंतर छिन्नी-हातोडा. दोन बॉक्सच्या मधल्या पाइपाला दोनपेक्षा जास्त काटकोनी वळणं दिली की वायर ओढताना अडकते. पाइपाचं तोंड टेपने बंद केलं नाही तर सिमेंटचं पाणी आत जाऊन तिथेच घट्ट होतं. विजेचं काम शिकायचं असेल तर आधी डोळे तपासून घ्या. रंगांधळेपण असेल तर वायरचे रंग ओळखताना घोटाळा होतो, आणि हे प्रशिक्षणाची फी भरण्याआधी कळलेलं बरं.

भराईचा दिवस

१८ घनमीटरला १८ च मागवलं तर संध्याकाळी अर्धा घनमीटर कमी पडतं. साचा किंचित वाकतो, पंपाच्या नळीत माल राहतो, थोडा सांडतो. म्हणून तीन ते पाच टक्के जास्त धरतात. हा हिशेब प्लॅनिंग किंवा बिलिंग बघणाऱ्याचा. गाडी उशिरा आली की आधीचा माल घट्ट होऊ लागतो आणि नवा त्याच्याशी नीट जुळत नाही. या सांध्याला कोल्ड जॉइंट म्हणतात. पुढे गळती बहुधा इथूनच होते.

भराईच्या दिवशी सगळ्यांत जास्त वाद पाण्यावरून होतो. पातळ माल ढकलायला सोपा, म्हणून कोणीतरी मिक्सरमध्ये पाणी वाढवतो. एका ५० किलोच्या गोणीला २२.५ लिटर पाणी ठरलं असेल तर प्रमाण ०.४५. त्यात फक्त ५ लिटर जास्त घातलं की ते ०.५५. पाणी उडून गेल्यावर मागे पोकळ्या राहतात, ताकद उतरते आणि तडे वाढतात. या जागी ‘नको’ म्हणणारा माणूस म्हणजे क्वालिटी इंजिनिअर किंवा लॅब टेक्निशियन. तो स्लम्प, म्हणजे ओल्या काँक्रीटचा पातळपणा, मोजतो, १५० मि.मी.चे ठोकळे भरतो. एक ठोकळा साधारण ८ किलोचा. ते पाण्यात ठेवून ७ आणि २८ दिवसांनी मशीनमध्ये फोडतात. काही देशांत ठोकळ्याऐवजी १५० मि.मी. व्यासाचे आणि ३०० मि.मी. उंचीचे सिलिंडर वापरतात. या नोकरीत गोड बोलून अडवता येणं हे प्रयोगशाळेतल्या ज्ञानाइतकंच उपयोगी पडतं. विज्ञानाची आवड असलेल्या, पण डिझाइनच्या गणिताला बिचकणाऱ्या मुलामुलींना ही वाट कोणी सांगतच नाही.

व्हायब्रेटर, म्हणजे ओलं काँक्रीट हलवून त्यातली हवा काढणारं यंत्र, धरणारा तर कोणाच्या खिजगणतीतही नसतो. सुई उभी घालायची, काही सेकंद थांबायचं, बुडबुडे यायचे थांबले की हळू वर काढायची. ४० मि.मी.ची सुई असेल तर ३० ते ४० सें.मी. अंतरावर ती पुन्हा घालायची. घाई केली तर बीमच्या पोटात पोकळ्या राहतात. साचा काढल्यावर त्या मधमाशांच्या पोळ्यासारख्या दिसतात आणि मग लपवायला सिमेंट फासलं जातं. फार वेळ धरली तर खडी खाली आणि पाणी वर. हे काम कोणाच्याही हातात देतात, आणि तिथेच चुकतात.

दुसऱ्या दिवसापासून स्लॅबवर पाणी. निदान ७ दिवस, उन्हाळ्यात किंवा राख मिसळलेल्या सिमेंटला १० दिवस. टेकू कधी काढायचे ते इंजिनिअर ठरवतो: लहान गाळ्याच्या, म्हणजे आधारांमधलं अंतर कमी असलेल्या, स्लॅबला साधारण ७ दिवस, मोठ्याला १४, लांब बीमला २१ पर्यंत. वरच्या मजल्याचा भार यावर येणार असेल तर आणखी जास्त.

स्लॅबनंतर

इमारतीचा सांगाडा हा कामाचा एक भाग झाला. पुढे गवंडी, प्लंबर, गिलावा, वॉटरप्रूफिंग, फरशी, रंग, अॅल्युमिनियम-काचकाम, लिफ्ट, एसी, अग्निशमन अशी कामं येतात. माझं मत विचाराल तर नवख्याने प्लंबिंग, इलेक्ट्रिकल, एसी आणि लिफ्ट यांच्याकडे आधी बघावं. नवी बांधकामं थंडावली तरी जुन्या इमारतींत दुरुस्ती चालूच राहते, त्यामुळे हात रिकामा राहत नाही. आणि या कामांत चाचणी असते, म्हणजे तुमचं काम चांगलं की वाईट ते वादाशिवाय ठरतं. भिंतीत गाडलेली पाण्याची लाइन गिलाव्याआधी नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाबावर तपासतात. सांडपाण्याच्या १०० मि.मी. पाइपाला १० मीटरमागे साधारण २० सें.मी. उतार देतात, तो फार कमी झाला की घाण मागे राहते. शौचालयाच्या फरशीत पाणी भरून निदान एक दिवस ठेवतात आणि खालच्या छताला ओल येते का बघतात.

मशीन चालवायची हौस पुष्कळांना असते. क्रेनवर ‘२० टन’ लिहिलेलं बघून ती २० टन उचलते असं समजू नका. तो आकडा बूम, म्हणजे क्रेनचा लांब हात, अगदी जवळ असतानाचा. बूम लांब गेली की तीच क्रेन थोडे टनही पेलत नाही. ऑपरेटरला लोड चार्ट वाचता आला पाहिजे आणि घाईत असलेल्या मुकादमाला नकार देता आला पाहिजे. यात परवाना, नजर आणि वैद्यकीय तपासणी लागते; चक्कर किंवा फिट्स येत असतील तर ही वाट सोडा.

दुरुस्तीचं वेगळं क्षेत्रही वाढतं आहे. काँक्रीट न फोडता त्याची ताकद अजमावणारा रिबाउंड हॅमर, आतल्या भेगा शोधणारी अल्ट्रासॉनिक चाचणी, गंजाचा अंदाज देणारं हाफ सेल हे शिकलेली माणसं अजून कमी आहेत.

टेबलावरची कामं

ज्याला साइट नको, त्याच्यासाठीही जागा आहे. ड्राफ्ट्समन आणि बीआयएम (बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग) मॉडेलर कॉम्प्युटरवर इमारत आधी बांधून बघतात. एसीचा डक्ट (हवेचा मार्ग) बीमला आडवा जातोय हे तिथे सापडलं तर एका क्लिकवर सुटतं, साइटवर सापडलं तर छत खाली घ्यावं लागतं. क्वांटिटी सर्व्हेअर मोजमापं आणि बिलं बघतो. आपल्या स्लॅबमध्ये जिन्यासाठी ३ बाय अडीच मीटरची मोकळी जागा असेल तर ती वजा करायची. न केल्यास १.१२५ घनमीटर न टाकलेल्या काँक्रीटचं बिल लागतं. प्लॅनर कामांची साखळी मांडतो. खरेदी, गोदाम, करारपत्रं, सुरक्षा ही खातीही आहेत, आणि त्यांत वाणिज्य किंवा कायदा शिकलेले चालतात. फक्त एक: सहा महिने तरी साइटवर काढल्याशिवाय टेबलावर बसू नका. सळई बांधायला हात कुठून घालावा लागतो हे न बघितलेला मॉडेलर हात जाणारच नाही अशी ड्रॉइंग काढतो.

शिरायचं कुठून

रस्ते ढोबळमानाने चार. मिस्त्रीच्या हाताखाली थेट काम: पैसे पहिल्या दिवसापासून, पण शिकलेल्याचा कागद नाही. अॅप्रेंटिसशिप, बहुतेक ठिकाणी दोन ते चार वर्षं: कमी भत्ता, पण काम आणि वर्ग सोबत आणि शेवटी प्रमाणपत्र. डिप्लोमा: सुपरवायझर, सर्व्हेअर, ड्राफ्ट्समन, लॅब इथे दार उघडतं. पदवी: डिझाइन, प्लॅनिंग आणि मोठ्या प्रकल्पांचं व्यवस्थापन.

पहिला रस्ता कमी दर्जाचा नाही. त्यात अडकतात ते कागदाच्या अभावाने. दहा वर्षं काम केलेला फिटर नव्या कंपनीत पुन्हा मदतनीस म्हणून लागतो, कारण दाखवायला काही नसतं. म्हणून पहिल्या दिवसापासून वही ठेवा: तारीख, काम, माप, वापरलेलं मशीन, वर कोण होतं, त्याची सही. अनुभव तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या परीक्षा अनेक देशांत आहेत आणि तिथे हीच वही कामाला येते.

मिस्त्रीचा ठेकेदार होताना बहुतेक जण कामात नाही, पैशाच्या फिरवाफिरवीत बुडतात. मजुरी दर आठवड्याला द्यायची असते, बिल मिळायला महिना-दोन महिने लागतात, आणि त्यातले ५ ते १० टक्के दोष दुरुस्तीच्या मुदतीपर्यंत अडकून राहतात. निदान दोन महिन्यांची मजुरी हाताशी नसेल तर ठेका घेऊ नका.

शरीराचा हिशेब

बांधकामात जीव जाण्याची कारणं सगळीकडे तीच: उंचीवरून पडणं, अंगावर काही पडणं, विजेचा धक्का, मातीखाली किंवा यंत्रात सापडणं. बेल्ट घातला म्हणजे वाचलो, असं नसतं. सहा फुटी दोरी, तिचा धक्का शोषताना ताणला जाणारा भाग, माणसाची उंची आणि थोडी मोकळी जागा धरली तर पायाच्या पातळीला अडकवलेल्या बेल्टला खाली साडेपाच मीटरहून जास्त मोकळी जागा लागते. चार मीटरवर काम करताना बेल्ट पायाशी अडकवला असेल, तर तो पडणं थांबवायच्या आत माणूस जमिनीवर असतो. हुक डोक्याच्या वर अडकवायचा. दीड मीटरहून खोल चरात आधाराशिवाय उतरायचं नाही. मातीचा एक घनमीटर दीड ते दोन टनांचा असतो आणि छातीपर्यंत गाडलेला माणूसही गुदमरतो.

हळू होणारी इजा दिसत नाही, म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होतं. दगड, फरशी, काँक्रीट कोरडं कापताना उडणारी धूळ फुप्फुसात साठते; त्यातून होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. पाणी सोडून कापा, आणि रुमाल नव्हे, धूळ गाळणारा मास्क लावा. ओलं सिमेंट कातडी जाळतं. फरशीवाल्यांचे गुडघे आणि फिटरांची कंबर चाळिशीनंतर कुरकुरायला लागते, तेव्हा तिशीतच मोजमाप, देखरेख किंवा शिकवणं यांतलं काहीतरी सोबत शिकून ठेवा.

मुलींनी यातलं काय घ्यावं, असं विचारलं जातं. सर्व्हे, इलेक्ट्रिकल, लॅब, क्रेन, बीआयएम यांत ताकदीचा अडसर जवळजवळ नाही. अडतं ते दुसरीकडे: साइटवर स्वच्छतागृह आहे का, बूट आणि बेल्ट आपल्या मापाचे मिळतात का. मोठ्या मापाचा बेल्ट पडताना अंगातून निसटू शकतो, त्यामुळे ही मागणी नाजूकपणाची नाही.

पहिल्या महिन्यांत

टेप वाचायला शिका, तोही मिलिमीटरमध्ये. टेपच्या टोकाची पत्ती थोडी हलते. ती खराब नसते. आतून आणि बाहेरून मोजताना पत्तीच्या जाडीचा फरक भरून निघावा म्हणून ती तशीच ठेवलेली असते. ठोकून घट्ट करणारे नवखे दर साइटवर सापडतात. ओळंबा, गुण्या आणि पाण्याची लेव्हल-नळी वापरा. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर दोन्ही टोकांची पातळी खोटी येते.

ड्रॉइंगवर फूटपट्टी लावून माप काढू नका, लिहिलेला आकडाच खरा. आणि कामाला हात लावण्याआधी कोपऱ्यातला रिव्हिजन नंबर बघा. जुन्या ड्रॉइंगवर नवं काम उभं राहणं ही साइटवरची सर्वांत महागडी चूक आहे.

नोकरीला जाल तेव्हा पगाराबरोबर आणखी चार गोष्टी विचारा. मला कोणाच्या हाताखाली ठेवणार? सहा महिन्यांत किती वेगवेगळी कामं बघायला मिळतील? हेल्मेट, बूट, बेल्ट कंपनी देते की पगारातून कापते? अपघात झाला तर विमा कोणाच्या नावावर आहे? शेवटच्या दोन प्रश्नांवर समोरचा माणूस हसून विषय बदलू लागला, तर दुसरी साइट बघा.